पांढऱ्या दगडाला पाजलेलं तेल

काम संपलं की मी कारखान्याच्या कुलपाचा फोटो काढतो. खोलीवर गेल्यावर, कुलूप लावलं का नाही, ही शंका मला येणारच असते. मग फोटो बघतो आणि जेवतो. माझ्या फोनमध्ये त्या कुलपाचे इतके फोटो आहेत की घरच्या माणसांचे तेवढे नसतील. उंब्रजचा जोडीदार माझ्याबरोबर राहतो, ट्रक चालवतो. तो म्हणतो, "लग्नाच्या आल्बमात पन घाल त्ये. बायकोला कळंल तरी कुनाशी गाठ पडलीया."

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्यात मेंढरं. नववीत असताना वडलांबरोबर कळप घेऊन पावसाच्या मुलखात उतरलो तो चार महिन्यांनी परतलो. तोवर वर्ग पुढं निघून गेला होता आणि मला परत बाकावर बसायची लाज वाटली. शाळा अशी सुटली, कुणी काढलं नाही का कुणी ठेवलं नाही. मग आष्ट्याला एका पाथरवटाच्या हाताखाली राहिलो. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. पाटे, उखळं, देवळाच्या पायऱ्या, शाळेच्या कोनशिला, काय येईल ते करायचो. तिथनं आखातात फरशा बसवायला गेलो आणि तिथनं पोलंडला, एका लहान शहरात, थडग्यांचे दगड करणाऱ्या कारखान्यात. कारखाना म्हणजे शेफ आणि मी. तिकडं मालकाला शेफ म्हणतात, स्वयंपाकाशी त्याचा संबंध नाही. माझा तिथं राहायचा कागद शेफच्या कामाशी बांधलेला आहे. काम सुटलं की कागद सुटला, आणि कागद सुटला की मी विमानात. हे मला सकाळी दात घासताना एकदा आठवतं, दुपारी एकदा. शेफनं मला कधी आवाज चढवून बोललेलं नाही. तरी भीती आपली असते.

गेल्या वर्षी शेफला गावाबाहेरच्या टेकडीवरचं काम मिळालं. टेकडीवर ज्यू लोकांचं जुनं कबरस्तान आहे. वाकलेले दगड, पांढऱ्या खोडाची झाडं, आणि वरच्या अंगाला एक लांबट सपाट जागा, जिथं एकही दगड नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सगळ्या युरोपातल्या ज्यूंना वेचून मारलं, त्यात या शहराचे ज्यूही गेले. बायाबापड्या, म्हातारी, तान्ही, सगळ्यांना टेकडीवर आणलं आणि त्यांच्याच कबरस्तानात खड्ड्याच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. ती सपाट जागा म्हणजे तो खड्डा. इतकी वर्षं तिथं सिमेंटचा एक ठोकळा होता आणि ठोकळ्यावर नुसता आकडा. आता त्याच्या जागी नावांची भिंत उभी करायची होती.

नावं जमवली शाळेतल्या एका शिक्षिकेनं. शाळेतली पोरं हाताशी धरून, जुन्या नोंदी, हजेरीपट, कुणाकुणाची पत्रं, असं करत कित्येक वर्षं ती जमवत होती. मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायचो. एकदा तोंडातून निघालं. तिनं अर्थ विचारला, मी इंग्रजीत कसाबसा सांगितला. तेव्हापासून मी बाई म्हटलं की ती वळून बघते. शाळेतल्या बाईशी मी इतकं बोललो ते आयुष्यात पहिल्यांदाच.

त्या कामाची रीत न्यारी होती. ज्यूंमध्ये पुरलेल्या माणसाला पुन्हा हलवायचं नाही. एक माणूस चाकाचं यंत्र घेऊन आला, जमिनीच्या पोटात बघायचं. गवतावरनं ढकलत ढकलत त्यानं खड्ड्याची हद्द शोधली आणि पांढऱ्या खुंट्या मारल्या. त्या खुंट्यासुद्धा हद्दीच्या बाहेर. आत कुदळ नाही, पहार नाही, कुंपणाला खांब रोवायचा नाही. भिंतीचा पायाही खणायचा नाही, हद्दीबाहेर जमिनीवर नुसती जाड लादी ओतून तिच्यावर भिंत. पाया न खणता भिंत उभी करतो असं उस्तादांना सांगितलं असतं तर त्यांनी मला आटपाडीच्या एसटीत बसवून दिलं असतं. पण उभी राहिली. फिकट वाळूच्या दगडाची, ज्वारीच्या पिठाच्या रंगाची. नावं यंत्रानं कोरलेली, दोन लिप्यांत, एक पोलिश आणि एक त्यांची स्वतःची, उजवीकडनं डावीकडं जाणारी. अक्षरांच्या कडा हातानं साफ करायचं काम माझं. अक्षरांना रंग द्यायचा नाही, असं ठरलेलं. साधं राहू दे, उन्हाची सावली पडेल तेवढं वाचता येईल.

मे महिना होता. एका शुक्रवारी भिंत उघडायची ठरली होती. लांबून माणसं येणार होती. त्यातल्या एका म्हातारीबद्दल बाई पुन्हा पुन्हा बोलायच्या. ती युद्धात चार वर्षांची होती. एका शेतकऱ्याच्या घरी लपली म्हणून वाचली. बाकी घरचे पाच जण खड्ड्यात. आई, आजी, दोन भाऊ, एक आत्या. आजवर तिच्या आईचं नाव जगात कुठंही लिहिलेलं नव्हतं, कागदावर सोडून. आडनाव वर्णमालेच्या शेवटाला, म्हणून पाचही नावं भिंतीच्या शेवटच्या रकान्यात, खाली, गुडघ्यावर बसलं की डोळ्यांसमोर येतील अशी.

त्याआधीच्या शनिवारी दुपारी शेफ कुंपणाचं सामान आणायला गेला आणि मी एकटाच होतो. शेवटचा रकाना झाला. ब्रशनं झाडला. मागं सरून बघितलं तर भिंत फार देखणी दिसत होती, पण कोरडी. माझ्या जेवणाच्या पिशवीत चटणीवर घ्यायला आईनं पाठवलेल्या घाण्याच्या शेंगतेलाची लहान बाटली असते.

आता हे कसं सांगू? उस्तादांच्या हातचा दगड कधी कोरडा बाहेर गेला नाही. कोरीव संपलं की ते फडकं तेलात बुडवून अक्षरांवरनं फिरवायचे. काळ्या दगडात अक्षर लगेच उठून यायचं. ते झालं की काम झालं. आणि आमच्या रानात, बांधाला, घरातल्या वारलेल्या माणसांचे तीन दगड उभे आहेत. सणाला आई ते धुते, तेल लावते. तेल न लावलेला दगड म्हणजे ज्याच्या मागं कुणी नाही त्याचा दगड. इथं तर अख्खी भिंत तशी. मी विचार केला नाही. हातानंच केलं. पहिल्या नावावर हात जरा सैल सुटला, तेल ओघळलं. पुढच्या चार नावांवर बेतानं लावलं. अक्षरं अशी उठली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन.

"लय ग्वाड दिसतंय रं. कुनाची नावं हायती?"

"एकाच घरची हायती. पाच जनं."

"मग बरं केलंस. बाकीच्यास्नी पन लाव."

"तेल संपंल, आई."

"संपू दे. म्या पाठवते."

बाकीच्यांना मी लावलं नाही ही देवाची कृपा. कारण सोमवारी सकाळी गेलो तर पाच नावांच्या ठिकाणी, कागदावर तळलेली भजी ठेवल्यावर पडतो तसा डाग. आमचा काळा दगड घट्ट असतो, तेल अंगावर बाळगतो. हा पांढरा दगड तेल प्यायला होता. अक्षरांच्या बाहेर, वर, खाली, सगळीकडं.

बाई माझ्या आधी पोचल्या होत्या. डागापुढं तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं आता गेलो.

"हे काय आहे?"

"तेल."

"कुणी केलं?"

"मी."

"का?"

त्या का-ला पुरेल एवढं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. मराठीतही जमलं नसतं तेव्हा. मी म्हटलं, "सुंदर दिसावं म्हणून." बाई खाली गवतात बसल्या. नेमकी तीच पाच नावं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या असाव्यात. पोलिशमध्ये आकडे मला कळतात.

शेफ आला, त्यानं डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "खायचं?" मी म्हटलं, हो. "बरं झालं, इंजिनचं असतं तर मेलो असतो." मग त्यानं मला समजावलं. पांढरी माती, तिच्यात तेल सोडवणारं औषध, त्याचा जाड लेप, वरनं प्लास्टिक. एक दिवस ठेवायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. माती तेल ओढून घेते. शुक्रवारपर्यंत जमेल तेवढं जमेल.

संध्याकाळी, अजून चांगलं ऊन होतं, खोलीवर मी जेवलो नाही. उंब्रजच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसला.

"तुमच्याकडं प्यायला पानी न्हाई, म्हून दगडाला तेल पाजता व्हय रं?"

"गप रं. हितं माझा कागद जायची येळ आलीया."

"कागद जात न्हाई. तुझा शेफ भला मानूस हाय. आन गेला तर ये आमच्याकडं, ऊस तोडायला मानूस मिळंना झालाय." मग त्यानं ताट माझ्यापुढं सरकवलं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतली माणसं. त्याचा पणजा याच युद्धात इटलीत लढून आलेला. म्हणाला, "आमच्या शेजारच्या गावात चावडीच्या भिंतीत दगडी पाटी हाय. लढाईला किती गेलं, किती मेलं. नुसता आकडा. नाव एक न्हाई. ल्हानपनी मी इचारायचो, ह्यातलं आपलं कोन? कुनाला सांगता यायचं न्हाई. तू निदान नावाला तेल लावलंस गड्या. आकड्याला न्हाई."

आईला फोन केला. ती आधी घाबरली, मग लगेच आवाज कामाचा झाला. "माती लाव. तेलाला माती वढती. कोरडी लाव, वल्ली नगं."

"शेफ वल्ली लावाय सांगतोय, आई."

"त्यो शिकलेला हाय?"

"व्हय."

"मग त्याचं ऐक. पन उन्हाचं लाव म्हनावं."

मंगळवारी पहिला लेप काढला. डाग निम्मा उतरला होता. बुधवारी दुसरा लावला, उन्हाचा. शेफला मी काही सांगितलं नाही, त्यानंच ऊन पडायची वाट बघायला सांगितली. आई आणि शेफचं एकमत झालेलं बघून मला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

गुरुवारी सकाळी मी गुडघ्यावर बसून प्लास्टिकच्या चिकटपट्ट्या सोडवायला लागणार, तेवढ्यात खाली रस्त्यावर बाईंची गाडी थांबली. बाई उतरल्या, मग त्यांच्या हाताला धरून एक ठेंगणी म्हातारी, डोक्यावर उन्हाची टोपी. ती शुक्रवारी यायची होती. तिला राहवलं नाही म्हणून आदल्या दिवशीच आली. बाईंनी मला फोन केला होता, आणि माझा फोन कोटाच्या खिशात, कोट झाडाला.

मी उठलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. काय उपयोग? माझ्या दोन्ही बाजूंनी लेपाचा चिखल दिसत होता.

म्हातारी भिंतीच्या सुरुवातीपासून हात फिरवत आली. चेहरा दगडाला लावून बघायची, मान हलवायची, पुढं सरकायची. शेवटाला आली तेव्हा मी वाटेत. बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांनी सांगत होत्या, काही बोलू नको, मी सांभाळते. खरं तर मला तेच हवं होतं. पण म्हातारीनं बाईंना काही विचारलं, आणि त्यात आईला पोलिशमध्ये जे म्हणतात तो शब्द मला ऐकू आला. मी बाजूला झालो.

"ह्याच्याखाली," मी म्हटलं. "मी तेल लावलं होतं. डाग पडला. चूक माझी आहे."

बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण बराच वेळ लागला. म्हातारीनं लेपावर बोट टेकवलं आणि मला खूण केली, काढ.

चिकटपट्टी माझ्याकडनं सुटेना. तीच खाली वाकली आणि नखानं तिनं एक टोक उचकटलं. माती पडली. मी ब्रश मारला. चार नावं स्वच्छ निघाली, बाकीच्या भिंतीसारखी, पिठासारखी फिकट. वरचं पहिलं नाव मात्र अजून काळपट होतं, ओलं असल्यासारखं. तिथंच माझा हात सैल सुटला होता. ते तिच्या आईचं नाव.

म्हातारीनं चारांपैकी एकाला चेहरा लावला. मान हलवली. दुसऱ्याला लावला. मान हलवली. मग काळपट नावाशी आली आणि थांबली. उजवीकडनं बोट ठेवलं, डावीकडं सरकवत नेलं, आणि मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग ताठ उभी राहून तिनं मला काहीतरी विचारलं, रागानं. बाई आधी हसल्या, मग त्यांना डोळे पुसावे लागले, मग त्यांनी सांगितलं.

"त्या विचारतात, बाकीच्या चौघांना का पुसलंस?"

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, एका डोळ्याचं तर कामच संपलेलं. फिकट दगडातलं फिकट अक्षर तिला दिसतच नव्हतं. सगळ्या भिंतीवर तिला एकच नाव वाचता आलं होतं, तेल प्यायलेलं.

शेफ आला तेव्हा म्हातारी त्याच्याशी भांडायला तयारच होती. बाई मध्ये बसून मला इंग्रजीत सांगत होत्या, आणि त्यांनाच मजा येत होती. शेफ म्हणाला, तेल राहिलं तर त्यावर धूळ बसेल, शेवाळ येईल, दोन वर्षांत काळा धब्बा होईल. म्हातारी म्हणाली, दोन वर्षं मला पुष्कळ झाली. शेफ म्हणाला, भिंत तुमच्या एकट्यासाठी नाही. ती म्हणाली, मग कुणासाठी, ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी? इथं माझ्या वयाची माणसं येणार, त्यांनी काय भिंत चाचपायची? शेफ डोकं खाजवायला लागला. नंतर म्हणाला, दगडाला न मारणारा गडद रंग असतो. नुसता अक्षरांच्या खोबणीत भरायचा. पण रंग नको असं ठरलंय. बाईंनी फोन काढला, झाडाखाली गेल्या, बराच वेळ बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, ठरवणारे सगळे तरुण होते, आता त्यांना लाज वाटते आहे.

मग म्हातारी माझ्याकडं वळली. तेल का, हे तिला हवं होतं. बाईंच्या ‘का’ला मला जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं. मी आमच्या बांधाचे तीन दगड सांगितले. तेलाचा दगड म्हणजे ज्याचं कुणीतरी मागं आहे त्याचा.

"कोण लावतं?"

"घरातलं माणूस."

तिनं हात पुढं केला. मला कळेना. बाई म्हणाल्या, "बाटली मागतात."

मी शेफकडं बघितलं. शेफनं त्या काळपट नावाकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं. "त्या नावाला आता आणखी काय होणार," म्हणाला, आणि कुंपणाकडं निघून गेला. मी पिशवीतनं बाटली काढली. तळाला थोडं होतं. तिनं बोटाचं टोक बुडवलं, वास घेतला, आणि आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेलं. घाई नाही. आमच्या रानात आई लावते तसंच, बोटाच्या पोटानं, टोकानं नाही. झाल्यावर बोटाला उरलेलं तेल तिनं स्वतःच्या मनगटाला पुसलं.

दुपारी शेफनं रंग आणला. बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी ही चार. सोमवारपासून शिडी लाव, वरनं सुरू कर. सगळी भिंत." मी मनात मोजलं, भिंत म्हणजे सगळा उन्हाळा, आणि तोवर कागदही. शेफला वाटलं मला काम जास्त वाटतंय. तो म्हणाला, घाई नाही. मी त्याचे आभार मानायला गेलो तर मराठीतले "लय उपकार झालं" निघाले, आणि त्यानं मान डोलवली.

बाई शेजारी बसून अक्षरं ओळखायला शिकवत होत्या. हे असं वाचायचं, हे इथं आलं की असं. पहिलं नाव भरताना मी नुसता आकार भरला. दुसरं भरताना मधलं एक अक्षर ओळखू आलं, कारण ते पहिल्या नावात होतं. चौथं नाव मी बाईंनी सांगायच्या आधी वाचलं. धाकट्या भावाचं. चुकत, अडखळत, उजवीकडनं डावीकडं. बाई म्हणाल्या, बरोबर. नववीनंतर मला कुणी बरोबर म्हटलं नव्हतं.

म्हातारी तोवर गवतावर घडीच्या खुर्चीत बसून होती. खुर्ची खुंट्यांच्या बाहेर ठेवलेली, ती तिनं स्वतः बघून घेतली होती. रंग वाळल्यावर ती उठली. भिंतीला नाक लावायला गेली नाही. उभ्या जागेवरनं तिनं वाचलं, आजी, आत्या, थोरला भाऊ, धाकटा. मग एक पाऊल मागं गेली आणि परत पाचही वाचली. आणखी मागं. बाई धावल्या, तिच्या कोपराला धरलं, कारण मागं उतार होता. ती थांबेना. दहा पावलं, पंधरा पावलं, झाडाच्या ओळीपर्यंत गेली आणि तिथनं ओरडून वाचायला लागली. एक नाव चुकलं, तसं मी इथनं हाताची ओंजळ करून तिला ओरडून सांगितलं. तिनं मान डोलवली, ते नीट म्हटलं, आणि बाईंना ओढत आणखी दोन पावलं मागं गेली.